किलोला काय पडलं?

जगातल्या प्रत्येक वस्तूची एकच खरी किंमत असते आणि ती म्हणजे तिचा किलोचा भाव, असं मानणारा आमच्या साडूभाऊंइतका ठाम माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा नसेल. छापील किंमत, सवलत, एकावर एक फुकट, ही सगळी त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत फेकलेली धूळ. ते वस्तू हातात घेत, डोळे अर्धवट मिटत, तळहात दोनदा वरखाली करत आणि ग्रॅम सांगत. मग तोंडातल्या तोंडात भागाकार होई आणि किलोचा भाव जाहीर होई. माझ्या लग्नात मी बोहल्यावर उभा असताना माझ्या मुंडावळ्यांना हात लावून त्यांनी भाव काढला होता आणि वर म्हणाले होते, "सुरमई याच्या निम्म्यात येते रे." तुलनेसाठी त्यांच्याकडे दोनच मापं होती, सुरमई आणि काजू. सासूबाईंनी हौसेने दिलेला टाय काजूच्या सहापट निघाला, म्हणून त्यांनी तो कधी गळ्यात घातला नाही. त्यामुळे आमच्या घराण्यात कुणीही काहीही नवं आणलं की आधी एकच प्रश्न ऐकू येई, "साडूभाऊ, किलोला काय पडलं?" हा प्रश्न मीच सुरू केला होता आणि तो विचारताना मला दर वेळी तेवढीच मजा वाटे.

नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हा धंदा धरला आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीबरोबर मुलाला वारशात पितळी वजनांचा एक संच ठेवला. पाच किलोपासून पाच ग्रॅमपर्यंतची ती वजनं साडूभाऊ दर दसऱ्याला चिंचेने घासून पूजेत मांडत आणि एरवी खांद्यावरच्या खाकी पिशवीतून घाटकोपर ते मुलुंड हिंडवत. वाण्याचा, मच्छीवालीचा, भाजीवाल्याचा काटा खरा की खोटा हे त्या वजनांवरून ठरे. काटे आता इलेक्ट्रॉनिक झाले तरी यांचं म्हणणं, आकडे लाल दिव्यांत उमटले म्हणून ते खरं बोलतात असं नाही. एकदा मुलुंडला आमच्याकडे येताना त्यांनी मिठाईच्या दुकानात अर्धा किलो बर्फी घेतली आणि पैसे द्यायच्या आधी पिशवीतलं एक किलोचं वजन काढून सरळ दुकानदाराच्या काट्यावर ठेवलं. काटा वीस ग्रॅम चढा बोलत होता. दुकानदाराने गुपचूप दोन वड्या वाढवल्या. साडूभाऊंनी त्या परत टाकल्या. "मला बर्फी नको. काटा सरळ करा." रांगेतली माणसं चुळबुळत होती, मी लाजेने रस्त्याकडे बघत होतो आणि हे काउंटरवर ठाण मांडून स्क्रू पिळत होते. मजुरी घेतली नाही. घरी आल्यावर मात्र चिडून तासभर मालवणीत बोलत राहिले. एरवी तुमच्या-आमच्यासारखी मुंबईची मराठी बोलणारा हा माणूस राग किंवा माया अनावर झाली की मालवणीत घसरतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

या माणसाच्या घरी, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आणि दोनदा पोटातच मूल गेल्यावर, ताईंना पुन्हा दिवस राहिले. ताई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या. साडूभाऊंनी त्या दिवसापासून दोन नियम केले. पहिला, बाळ जन्मून घरी येईपर्यंत त्याच्यासाठी नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. दुसरा, बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागेल ते पाच घरचं मागून आणलेलं, आणि तीही अशी घरं जिथली मुलं धडधाकट आहेत. त्यांची आई तसंच करायची. मी म्हटलं, साडूभाऊ, हे धर्माच्या नावाखाली पैसे वाचवणं झालं. ते हसले. त्यांना चिक्कू म्हटलेलं चालत असे. मग एका रविवारी स्वारी पिशवी घेऊन खरोखर मागायला निघाली. एका घरी लोकांनी नवंकोरं झबलं पुढे केलं तर म्हणाले, "नवं नको हो, वापरलेलं द्या, डाग असेल तर उत्तम." दुसऱ्या घरी त्यांनी झबल्याआधी त्या घरचा मुलगा बघायला मागितला, तो सर्दीने शिंकत बाहेर आला, तर हे झबलं न घेताच परत. आमच्याकडे आले तेव्हा माझी मुलगी सोफ्यावरून उड्या मारत होती. तिच्याकडे ते बराच वेळ समाधानाने बघत राहिले. मग बायकोने माळ्यावरून तिचं जुनं, धुऊन धुऊन विटलेलं झबलं काढून दिलं. साडूभाऊंनी ते तळहातावर तोललं. "पस्तीस ग्रॅम." आणि भाव न काढता घडी घालून पिशवीत ठेवलं. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, बायकोने डोळे वटारले.

पण माणूस आतून किती उतावीळ होता ते मला त्याच महिन्यात कळलं. माझ्या मुलीच्या वाढदिवसासाठी आम्ही घाटकोपरच्या एका मोठ्या दुकानात गेलो, तर हे "मी नुसता येतो" म्हणून बरोबर आले आणि पाच मिनिटांत तान्ह्या बाळांच्या विभागात गुप्त झाले. मी शोधत गेलो. साडूभाऊ एकेक वस्तू उचलत होते, तोलत होते आणि स्वतःशी पुटपुटत होते. "मोज्यांचा जोड, आठ ग्रॅम, एकशेवीस रुपये. किलोला पंधरा हजार! झबलं, पस्तीस ग्रॅम, साडेचारशे. किलोला बारा हजार आठशे. काय रे, या लोकांनी कापसात केशर भरलंय काय?" डायपर त्यातल्या त्यात स्वस्त निघाले, सुरमईच्या निम्म्यात. "पण सुरमई खाल्ली तर अंगाला लागते. हे तर दोन तासांत कचऱ्यात." ओल्या वाइप्सच्या पाकिटाने तर त्यांचा संताप झाला, कारण त्यात तोलायचं ते सगळं पाणीच होतं. दुकानातली मुलगी पुढे आली. "काका, बेबीसाठी बघताय? बॉय की गर्ल?" साडूभाऊंनी मोजे असे खाली टाकले जणू चोरताना सापडले. "नाही, नाही. बेबी नाही. कोणी नाही." आणि तिथून जवळजवळ पळाले. बाहेर रस्त्यावर आल्यावर घाम पुसत मला म्हणाले, "हात लावला तर चालतं ना रे? घेतलं तर नाही ना मी काही?"

ताईंना मुलगी सातव्या महिन्यातच झाली. एक किलो दोनशे पन्नास ग्रॅम. जिथे नाव घातलं होतं तिथे काचेची पेटी रिकामी नव्हती, म्हणून धावपळ करून एका खाजगी इस्पितळात न्यावं लागलं. पेटीचा रोजचा खर्च सासऱ्यांनी आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उचलायचं ठरवलं. साडूभाऊंनी मान खाली घालून ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "तिच्या अंगाला लागेल ती वस्तू मात्र मी आणणार. त्याला कोणी हात लावायचा नाही." पाच घरच्या कपड्यांचं गाठोडं त्यांनी त्याच दुपारी सिस्टरच्या हातात दिलं. सिस्टर मनोरीच्या, वयाने मोठ्या, तोंडाने फटकळ. त्यांनी आमच्या मुलीचं झबलं उलगडून बघितलं. "अहो, यात तुमच्या तीन मुली मावतील. आणि जुने कपडे आत चालत नाहीत." त्यांनी गाठोडं परत केलं आणि हातात यादी दिली. सगळ्यांत लहान मापाचे डायपर, टोपी, मोजे, विशिष्ट कापूस, दूध साठवायच्या छोट्या बाटल्या. सगळं नवं, सीलबंद. नियम पहिल्याच दिवशी मोडला. साडूभाऊ गाठोडं पोटाशी धरून खालच्या औषधांच्या दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा छापील किमतीला निमूटपणे सामान घेऊन वर आले.

ही यादी मग रोजच येऊ लागली. नेहमीच्या बाळाला लागतात त्यापेक्षा ते इवलेसे डायपर महाग, आणि ते दोनच दुकानांत मिळत. एवढ्याशा टोपीला एवढे पैसे कशाचे, असं मीच एकदा चिडून बोललो. साडूभाऊ म्हणाले, "कमी लोकांना लागते रे. ज्यांना लागते ते भाव करत नाहीत." सकाळी चार काटे दुरुस्त करायचे आणि दुपारी त्या मजुरीतून टोप्या-मोजे घेऊन यायचे, असा त्यांचा दिवस झाला. दोन बायकांच्या मच्छीच्या टोपल्यांपुढे उकिडवे बसून काटा उघडणारा हा माणूस अर्ध्यातच घड्याळ बघू लागला, कारण आत भेटायची वेळ दुपारी चारची आणि ती फक्त दहा मिनिटांची.

ताईंना मात्र तेवढंही नव्हतं. त्यांना शस्त्रक्रियेनंतर ताप भरला होता आणि ताप उतरेपर्यंत पेटीजवळ जायला बंदी होती. त्या वरच्या मजल्यावर पडून राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत, "कशी आहे गं? केवढी आहे?" आम्ही हातांनी माप दाखवायचो आणि प्रत्येकाचं माप वेगळं निघायचं. तिसऱ्या दिवशी साडूभाऊंनी खाकी पिशवी उघडली. एक किलोचं वजन, दोनशेचं, पन्नासचं. ती तिन्ही आमच्या मुलीच्या झबल्यात नीट गुंडाळली आणि ताईंचे दोन्ही हात जवळ घेऊन त्यांत ठेवली. "बघ गो," ते म्हणाले, "एवढी आसा." ताईंनी ते पितळेचं गाठोडं छातीशी घेतलं. माझी बायको खोलीबाहेर गेली आणि मी खिडकीतून खालच्या रिक्षा मोजत राहिलो.

पुढे तो नेमच झाला. सिस्टर रोज वजन सांगत आणि हे झबल्यातली वजनं बदलून ताईंना देत. पहिल्या आठवड्यात बाळ उतरतं, तसं तेही उतरलं. एक किलो एकशेतीसवर आलं त्या दिवशी साडूभाऊंनी दोनशे आणि पन्नासचं वजन काढलं, शंभर, वीस आणि दहाचं घातलं, आणि मग ते गाठोडं हातात घेऊन जिन्यातच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते सिस्टरना म्हणाले, "तुमचा काटा चुकतोय." सिस्टर भडकल्या. साडूभाऊ ऐकेनात. शेवटी सिस्टरनी त्यांचं एक किलोचं वजन स्पिरिटने पुसून घेतलं, आत नेलं, आणि काचेतून आम्हाला दिसेल असं काट्यावर ठेवलं. एक हजार. ना एक ग्रॅम वर, ना खाली. मी साडूभाऊंना शेकडो काट्यांशी भांडताना पाहिलं होतं. पण एखादा काटा खोटा निघावा म्हणून देवाची करुणा भाकताना त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

ताईंचा ताप उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आईचंच दूध मिळालं तर मुलगी सावरेल, पण ते काढायला पंप आणा, चांगला विजेवरचा. पंपाची किंमत ऐकून मी खिशात हात घातला. साडूभाऊंनी माझं मनगट धरलं. दुपारी ते मला बरोबर घेऊन टेकडीखालच्या भंगारवाल्याकडे गेले आणि पिशवीतून पाच किलोचं एक आणि दोन किलोची दोन वजनं काढून त्याच्या काट्यावर ठेवली. वडिलांच्या हातची वजनं. नऊ किलो पितळ. काट्यावर आकडा आला, आठ किलो सहाशे. मी साडूभाऊंकडे बघितलं. ज्या वजनांनी अर्ध्या उपनगराचे काटे खरे केले, त्यांचंच वजन तो काटा चारशे ग्रॅमने कमी सांगत होता. आता इथे मुलुंडची बर्फी होणार म्हणून मी तयारीत राहिलो. साडूभाऊंनी आकडा वाचला, भंगारवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "द्या. लवकर द्या. चार वाजतायत." मी वाटेत काही बोलायला गेलो तर म्हणाले, "स्क्रू पिळायला अर्धा तास गेला असता यार."

आणि दूध लागू पडलं. मुलगी वाढायला लागली. पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, एकदा तर चक्क वीस. ताई आता पेटीजवळ जाऊ शकत होत्या, तरी वजनांचा नेम सुटला नव्हता. साडूभाऊ ते छोटं वजन चिमटीत धरून जिन्यावरून वर येत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला आकडा कळे. विसाव्या दिवशी एक किलो तीनशे दहा झाली. सिस्टर प्रथमच हसून म्हणाल्या, आता घरी न्यायच्या कपड्यांचं बघा. त्या संध्याकाळी मीच साडूभाऊंना ओढून त्या मोठ्या दुकानात नेलं. ते दारातच थांबले. "घरी आल्यावर घेऊ रे." मी म्हटलं, साडूभाऊ, डायपर नवे, टोप्या नव्या, आता कसला नियम राहिलाय? ते म्हणाले, "ते इस्पितळाने मागितलं. हे आपण हौसेने घेणार." मी हसलो. पुरे झालं आता हे, म्हटलं. त्यांनी मग एक पिवळं झबलं निवडलं, बाहुलीच्या मापाचं, त्याला कॉलरवर दोन बदकं. काउंटरवर पैसे दिले आणि पिशवी न घेता ते हातातच धरून बाहेर आले. मला राहवलं नाही. "साडूभाऊ, किलोला काय पडलं?"

त्यांनी झबल्याकडे पाहिलं. "विचारलंच नाही रे मनाला," ते म्हणाले आणि इतकं मोकळं हसले की रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

बाविसाव्या दिवशी तिला जंतुसंसर्ग झाला. तेविसाव्या दिवशी दुपारी, चार वाजायच्या आधी, ती गेली. एवढ्या लहान जिवाला खांदेकरी लागत नाहीत. साडूभाऊंनी तिला दोन्ही हातांवर एकट्यानेच नेलं आणि आम्ही मागून चालत गेलो. अंगात तिला पिवळं झबलं घातलं होतं. तेही जरा सैलच झालं होतं. न उघडलेली डायपरची दोन पाकिटं दुकानदाराने परत घेतली नाहीत, ती साडूभाऊंनी सिस्टरकडे ठेवली आणि सांगितलं, ज्याला लागेल त्याला द्या, भाव विचारला तर सांगू नका. परत येताना गाडीत ते एकदाच बोलले. "मीच वाट लावली. हौस केली ना." मी म्हणालो, असं काही नसतं साडूभाऊ. असं काही नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं होतं आणि त्यात झबल्याचा उल्लेख नव्हता. तरी त्यांना त्या दुकानात ओढून नेणारा मी होतो, आणि हे वाक्य त्यांनी मला नव्हे तर स्वतःला ऐकवलं, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

मोठी वजनं गेल्यामुळे त्यांचं काम अर्ध्यावर आलं. आता ते छोटेच काटे बघतात, मसालेवाल्यांचे, सुकामेव्याचे. नवी वजनं घ्या म्हटलं तर बघू म्हणतात. घराण्यातल्या वस्तूंचे भाव निघणं बंद झालं. मागच्या दिवाळीत सासूबाईंनी मुद्दाम त्यांच्या हातात चांदीचा करंडा दिला, तर त्यांनी तो छान आहे म्हणून बाजूला ठेवला. एक किलो, दोनशे, शंभर आणि दहाचं वजन कपाटात आमच्या मुलीच्या जुन्या झबल्यात तसंच गुंडाळलेलं आहे, असं ताईंनी बायकोला सांगितलं. त्या कधीमधी ते काढून मांडीवर घेऊन बसतात. दसऱ्याला पूजेत ती चार वजनं नसतात.

यंदा आम्हाला मुलगा झाला. नऊ महिने मी घरात एक टाचणीही नवी आणली नाही. बायकोने विचारलं तेव्हा ऑफिसातून वेळच मिळत नाही म्हणून सांगितलं आणि खरं कारण तिलाही ठाऊक होतं. जुन्या कपड्यांसाठी मात्र मी स्वतः पाच घरं फिरलो. एका घरी तर त्यांचा मुलगा नीट बघून घेतला. बाळ घरी आल्याच्या पाचव्या दिवशी ताई आणि साडूभाऊ आले. ताई सरळ आत गेल्या. साडूभाऊ चपला काढून दाराशीच उभे राहिले, हात मागे बांधून. "इथूनच बघतो," म्हणाले. "माझा हात नको." बायको उठली, टाके ओढत होते तरी चालत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "भावोजी, हात पुढे करा." आणि बाळ त्यांच्या हातांत ठेवून दिलं.

त्यांचे डोळे सवयीने अर्धवट मिटले. तळहात जरासा खाली गेला, वर आला. आम्ही सगळे ग्रॅम ऐकायला थांबलो.  मग साडूभाऊंनी बाळ छातीशी घट्ट धरलं आणि ताईंकडे बघत म्हणाले, "जड आसा गो. मोप जड आसा."

किती, ते मी विचारलं नाही.